या जेवायला!

हिंगोली जिल्ह्यातील कोणत्याही गावाच्या पांदीने भर दुपारी चालत गेले, म्हणजे बांधावरच्या लिंबाखाली जेवायला बसलेली माणसे दिसतात. फडक्यात बांधून आणलेली भाकरी सोडलेली असते, बुक्की मारून कांदा फोडलेला असतो, पाण्याची घागर सावलीला ठेवलेली असते. वाटेने जाणारा माणूस ओळखीचा असो वा नसो, त्याच्याकडे पाहून एक हाक हमखास येते, "या जेवायला!" वाटसरू थांबतोच असे नाही. बहुधा तो हसून म्हणतो, "होऊ द्या सावकाश," आणि आपल्या वाटेने पुढे जातो. जेवणारे पुन्हा घासाकडे वळतात.

परक्या माणसाला हा नुसता उपचार वाटेल. पण त्या फडक्यात मोजून बांधलेल्या भाकऱ्या असतात आणि अजून अर्धा दिवस राबायचे असते. वाटसरू जर खरोखरच "चला" म्हणून बसला, तर जेवणाऱ्याच्या वाट्याची एक भाकरी कमी होणार, हे उघड आहे. तरीही हाक दिली जाते, आणि माणूस बसला तर भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली जाते. आपल्या देखत कोणी उपाशी जाऊ नये, ही या हाकेमागची भावना होय. हिंगोलीकडचे रोजचे जेवण समजून घ्यायचे असेल, तर पदार्थांच्या नावांइतकीच ही हाकही ध्यानात ठेवली पाहिजे.

हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ आणि वसमत हे त्याचे पाच तालुके. कयाधू नदी हिंगोली शहराजवळून वाहते. उत्तरेच्या सीमेवर पैनगंगा आहे, तर दक्षिणेकडे पूर्णा. काही भाग डोंगराळ व बरड आहे. परंतु पुष्कळशी जमीन काळी, भारी. या काळ्या जमिनीचा एक मोठा गुण आहे. पावसाळ्यात प्यालेले पाणी ती लवकर सोडत नाही. म्हणून पाऊस सरल्यावर पेरलेली शाळू ज्वारी त्याच ओलीवर आणि थंडीतल्या दंवावर वाढते. तिचे कणीस माणसाला दाणे देते आणि ताट वाळून झालेला कडबा बैलांना वर्षभर पुरतो. एकाच पिकातून घर आणि गोठा दोन्ही सांभाळले जातात, म्हणूनच पिढ्यान्‌पिढ्या ज्वारी हे या मुलखाचे मुख्य अन्न होऊन बसले. तिच्या कडेने करडईच्या ओळी पेरत. करडई काटेरी; गुरे तिला तोंड लावत नाहीत. त्यामुळे पिकाला कुंपणही झाले आणि घराला तेलही मिळाले. पावसाळी पिकांत अंबाडीच्या ओळी असत. तिच्या आंबट पाल्याची भाजी होई आणि वाळलेल्या खोडाच्या सालीपासून दोर वळले जात. ताटात काय असावे हे अशा रीतीने शेतानेच ठरवून दिले होते.

ज्वारीची भाकरी करणे हे दिसते तितके सोपे काम नव्हे. गव्हाच्या कणकेत जो चिवटपणा असतो, तो ज्वारीच्या पिठात नाही. म्हणून ते पीठ लाटता येत नाही. ते गरम पाण्यात मळून तळहाताने थापावे लागते. काठवटीत पिठाचा गोळा फिरू लागतो आणि बघता बघता चंद्रासारखा वाटोळा होतो. तव्यावर टाकताच त्याच्यावरून पाण्याचा हात फिरवायचा, मग तो उलटायचा आणि शेवटी निखाऱ्यांपुढे धरून शेकायचा. शेक नीट बसला की भाकरी टम्म फुगते व तिचा पापुद्रा सुटतो. हे सारे करण्याआधी पीठ हवे. गावात गिरणी येण्यापूर्वी त्यासाठी घरातील बाया पहाटेच्या अंधारात उठून जात्यावर बसत आणि दळता दळता ओव्या गात. शेजारच्या परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईला दळू लागण्यास साक्षात विठ्ठल येत असे, ही कथा मराठी घरांत आवडीने सांगितली जाते. ती सांगणाऱ्या स्त्रियांना जात्याचे ओझे किती असते हे पुरते ठाऊक होते.

शेतकऱ्याच्या घरी दिवसाचे तीन भाग जेवणाने पडतात. सकाळी न्याहारी, दुपारी जेवण आणि दिवेलागणीनंतर रात्रीचे जेवण. न्याहारीला रात्री उरलेली भाकरी दुधात किंवा ताकात कुस्करून खातात, किंवा तिचे तुकडे करून कांदा, लसूण व हळद घालून त्यांना फोडणी देतात. हळदीसाठी लांब जावे लागत नाही. वसमतच्या हळदीचे नाव दूरवर पोचले असून २०२४ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. दुपारच्या जेवणात भाकरीबरोबर पिठले, तुरीचे वरण किंवा अंबाडीची भाजी असते. शेजारी मिरचीचा ठेचा, जवसाची अथवा कारळाची चटणी आणि त्यावर कच्च्या तेलाची धार. रात्री चुलीसमोर गरम भाकरी आणि आमटी मिळते. घरात भाजी नसली तरी अडत नाही. कधी शेंगोळे होतात, कधी वरणफळे, तर कधी दह्याबरोबर खाण्यासाठी खमंग धपाटे. जुन्या काळी भात आणि गव्हाची पोळी ही सणाची किंवा पाहुणचाराची लेणी होती. ताटात भात दिसला की आज काहीतरी विशेष आहे, हे मुलांना न सांगता कळत असे.

या ताटातला सर्वांत लहान पदार्थ म्हणजे ठेचा. परंतु त्याचा प्रवास सर्वांत मोठा आहे. हिरवी मिरची, लसूण, मीठ आणि भाजलेले शेंगदाणे एकत्र ठेचले की ठेचा होतो. हा पदार्थ आपल्या मातीतलाच, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात मिरची आणि भुईमूग ही दोन्ही मूळची अमेरिका खंडातील. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने पाठवलेली कोलंबसाची जहाजे त्या खंडाच्या किनाऱ्याला लागली आणि त्यानंतर मिरची समुद्र ओलांडून युरोपात आली. पुढे सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर उतरली. त्याआधी इकडे तिखटासाठी मिरी वापरीत. नव्या फळाला मिरची हे नाव त्या मिरीवरूनच मिळाले. ज्वारीसुद्धा मूळची आफ्रिकेची. मात्र ती हजारो वर्षांपूर्वी इकडे आली. देण्याघेण्याचा हा व्यवहार एकतर्फी नव्हता. ज्या वांग्याचे भरीत इकडे भाकरीबरोबर खाल्ले जाते, ते भारतातले वांगे अरबांच्या हातून स्पेनला पोचले आणि तिथल्या स्वयंपाकघरात कायमचे राहिले.

ज्या स्पेनच्या जहाजांमुळे मिरचीचा हा प्रवास सुरू झाला, त्या देशातील माणसे रोज काय खातात आणि कसे खातात, हे पाहणे मोठे मनोरंजक आहे. स्पेनमध्ये ज्वारी नाही, गव्हाचा पाव आहे. करडईच्या जागी जैतुनाचे तेल आहे. तेथील लोक दुपारचे मुख्य जेवण दोन ते तीनच्या सुमारास घेतात आणि रात्री नऊ-दहापर्यंत पानावर बसत नाहीत. हे ऐकून नवल वाटते. पण त्यात घड्याळाची थोडी गंमत आहे. १९४० साली स्पेनने आपली घड्याळे एक तास पुढे केली आणि ती पुन्हा मागे घेतली नाहीत. त्यामुळे माद्रिद शहरात सूर्य माथ्यावर येतो तो हिवाळ्यात सव्वा वाजण्याच्या सुमारास आणि उन्हाळ्यात सव्वादोनच्या सुमारास. हिंगोलीत तो साधारण बारा वाजून वीस मिनिटांनी माथ्यावर येतो. म्हणजे घड्याळाचे आकडे निरनिराळे असले, तरी सूर्य डोक्यावर आला की भाकरी सोडायची, हा नियम दोन्हीकडे बराचसा सारखाच ठरतो.

साम्य एवढ्यावरच संपत नाही. स्पेनमधील मेंढपाळ आणि शेतमजूर शिळा पाव वाया घालवीत नसत. त्याचा चुरा करून तो किंचित ओलसर करीत आणि लसूण व तेल घालून मोठ्या कढईत परतून खात. या पदार्थाला तिकडे 'मिगास' म्हणतात. हिंगोलीची फोडणीची भाकरी आणि स्पेनचे मिगास या दोघी सख्ख्या बहिणी शोभाव्यात! मजूर त्या एकाच कढईभोवती उभे राहत आणि त्यांचा एक ठरलेला रिवाज असे. प्रत्येकाने एक चमचा घास घ्यायचा आणि एक पाऊल मागे सरायचे. मग दुसऱ्याने पुढे व्हायचे. त्यामुळे चपळ माणूस अधिक खाई आणि संथ माणूस उपाशी राही, असे होत नसे. तिकडच्या जुन्या पिढीत पावाचा तुकडा जमिनीवर पडला तर तो उचलून त्याचे चुंबन घेत. इकडे अन्नाला पूर्णब्रह्म मानतात, त्यातलीच ही भावना.

सर्वांत विशेष गोष्ट पुढेच आहे. स्पेनच्या खेड्यांत जेवणाऱ्या माणसापाशी कोणी आले, तर जेवणारा विचारतो, "उस्तेद गुस्ता?" म्हणजे "घेता का थोडे?" आलेला माणूस उत्तर देतो, "के आप्रोवेचे." त्याचा अर्थ आहे, "अंगी लागो!" एकाने बोलवावे आणि दुसऱ्याने जेवणाऱ्याचे कल्याण चिंतून पुढे जावे, ही रीत जशी कयाधूच्या काठी तशीच हजारो मैलांवरच्या त्या देशात आहे. दोघांनी ती एकमेकांकडून घेतलेली नाही. कष्टाने पिकवलेले अन्न दुसऱ्याच्या देखत एकट्याने खाणे जिथे जिथे माणसाच्या जिवावर येते, तिथे तिथे अशी हाक आपोआप जन्माला येते.

हिंगोलीच्या शिवारात ही हाक माणसापुरतीच राहिलेली नाही. पोळ्याच्या दिवशी घरात पुरणपोळी शिजते. पण पहिला घास बैलांचा. त्यांना ओवाळून पोळी चारल्याशिवाय घरधनी पानावर बसत नाही. वर्षभर ज्याने नांगर ओढला त्याचा मान आधी, हा त्यातला न्याय आहे. हिंगोली तालुक्यातच कयाधूच्या काठी नरसी हे गाव आहे. परंपरेप्रमाणे संत नामदेवांचा जन्म १२७० साली येथे झाला असे मानतात. त्यांच्याविषयीची एक आख्यायिका लहानथोरांना ठाऊक आहे. नामदेवांनी भाजून ठेवलेल्या पोळ्या एका कुत्र्याने पळवल्या. दुसरा कोणी असता तर काठी घेऊन धावला असता. नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागे धावले. कोरडी पोळी त्याच्या घशाखाली कशी उतरेल, ही त्यांना चिंता! कथा खरी की कल्पित हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी अशी कथा ज्या मुलखाने जपली त्याच्या मनाचा कल तिच्यावरून कळतो.

नामदेव पुढे पंजाबात गेले. शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे आहेत, आणि शीख भाविक नरसीला भक्तिभावाने येतात. शेजारच्या नांदेडच्या गुरुद्वारात अहोरात्र येणाऱ्या यात्रेकरूंसाठी लंगर चालतो. तेथे राव आणि रंक एकाच ओळीत जमिनीवर बसून एकच अन्न खातात. त्या ओळीलाही पंगत असेच म्हणतात.

तथापि गावोगावच्या पंगती नेहमी अशा सरळ नव्हत्या, हेही मुलांनी जाणले पाहिजे. ज्यांच्या श्रमावर शेत पिके, त्यांतल्याच काही माणसांना जातीमुळे पंगतीबाहेर दूर बसवले जाई. त्यांच्या ओंजळीत वरून पाणी ओतले जाई. परक्या वाटसरूला बोलावणारी हाक घरामागच्या वस्तीपर्यंत मात्र पोचत नसे. २६ जानेवारी १९५० रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेने अस्पृश्यता नष्ट केली. ज्या रीतीने माणूस माणसापासून तुटतो ती कितीही जुनी असली तरी सोडून दिलीच पाहिजे, हा धडा त्यातून घ्यायचा आहे.

अन्नाची खरी किंमत कळते ती ते नसते तेव्हा. १९७२ साली महाराष्ट्रात भीषण दुष्काळ पडला. मराठवाड्याची रानेच्या राने करपली. घरच्या कणग्या रिकाम्या झाल्या. माणसे खडी फोडण्याच्या आणि रस्ते बांधण्याच्या कामावर गेली. अमेरिकेतून आलेली मिलो नावाची तांबूस ज्वारी तेव्हा स्वस्त धान्याच्या दुकानात मिळे आणि कामावर सुकडी वाटली जाई. ज्यांनी ते दिवस पाहिले आहेत, अशा आजीआजोबांच्या ताटात खाली भाकरीचा तुकडाही उरलेला दिसत नाही. नातवाने भाकरी टाकली तर ते रागावतात, त्याचे कारण त्या वर्षात आहे.

आता ताट बदलले आहे. शेतात ज्वारीच्या जागी सोयाबीन दिसते. सणाची पोळी आणि पाहुण्याचा भात रोजचे झाले आहेत, आणि भाकरी पुष्कळ घरांत क्वचितच भाजली जाते. भारताच्या सूचनेवरून संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे वर्ष भरड धान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्या ज्वारीला गरिबाचे अन्न म्हणत, तिच्याकडे जग पुन्हा आदराने पाहू लागले आहे. थोड्या पाण्यावर येणारे आणि माणसाला व जनावराला एकदम पोसणारे पीक शिवारातून अगदीच नाहीसे होऊ नये, हे बरे.

परंतु या मुलखाच्या जेवणात अजून एक उणीव राहून गेली आहे, आणि ती धान्याची नव्हे. वाटसरूला हाक मिळते, बैलाला पहिला घास मिळतो, कुत्र्यामागे तूप घेऊन धावणाऱ्याची कथा सांगितली जाते. मात्र पहाटे उठून जिने चूल पेटवली, भाकरी थापली, डोक्यावर टोपले घेऊन शेतात नेली, तिला "या जेवायला" असे कोण म्हणते? अनेक घरांत आधी पुरुष जेवतात, मग मुले आणि सर्वांचे झाल्यावर बाई तव्याशी उरलेले घेऊन बसते. भाजी संपलेली असली तर चटणीवर भागवते, आणि कोणी विचारले तर "मला भूक नव्हती" असे सांगते. या मायेचे कौतुक पुष्कळ झाले. तिच्या परिणामांकडे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. २०१९ ते २०२१ या काळात देशभर झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षे वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. त्याला कारणे अनेक आहेत. परंतु सर्वांच्या शेवटी आणि उरलेले खाण्याची रीत या दुखण्याला हातभारच लावते.

ही रीत बदलण्यासाठी पैसा लागत नाही, आणि कायद्याचीही वाट पाहावी लागत नाही. शाळेत दुपारी खिचडी येते तेव्हा मुले-मुली एका ओळीत बसतात. वाढणारी मुले आपल्यासाठी आणि एकमेकांसाठी वाटा राखून ठेवतात. शाळेत जमते ते घरी का जमू नये? भाकरी आणि भाजी मधोमध ठेवून घरातील सर्वांनी एकदम बसावे. आपला वाटा घ्यावा आणि त्या स्पॅनिश मजुरासारखे एक पाऊल मागे सरावे, म्हणजे शेवटच्या माणसालाही पहिल्याइतकेच मिळेल. चुलीपाशी कोणी अजून राबत असेल, तर तिची भाकरी दुसऱ्याने शेकावी. ज्या मुलाला पतंग उडवता येतो, त्याला भाकरी उलटता येणार नाही असे थोडेच आहे?

आज रात्री पाने मांडली जातील, तेव्हा एक पान अधिक मांडावे. पहिला घास घेण्यापूर्वी चुलीकडे तोंड करून हाक द्यावी, आणि ती येऊन बसेपर्यंत हात पानावरच ठेवावा.